मागल्या चाकाची निगा



आकाशवाणीवरून यंत्राची दुरुस्ती समजावून सांगणें फार अवघड जाईल, असें माझ्या एका मित्रानें हें भाषण ठरतांच मला बजावलें. वर्गांत असतों तर फळ्यावर आकृति काढली असती, चाक टेबलावर ठेवून मुलांना भोंवतीं उभें केलें असतें. येथें फळा नाहीं, खडू नाहीं आणि मुलेंही नाहींत. तथापि आजच्या विषयापुरती एक सोय आहे. सायकलच्या मागल्या चाकाचें दुखणें डोळ्यांना बहुधा दिसतच नाहीं. तें कानाला ऐकूं येतें आणि तळहाताला जाणवतें. तेव्हां आकृतीवांचून सांगण्याजोगा विषय असलाच तर तो हाच.

घरांतली सायकल स्टँडवर उभी करा. एक हात बैठकीवर हलकेच ठेवा आणि दुसऱ्या हातानें मागलें चाक फिरवून सोडून द्या. टिकटिक असा जो बारीक आवाज येतो तो फ्रीव्हीलच्या कुत्र्यांचा. त्याची काळजी नको, तो यायलाच हवा. त्याच्या खालीं दुसरा एखादा आवाज आहे काय तें ऐका. जात्यांत वाळू पडली म्हणजे जशी घरघर होते तशी बैठकीवरच्या तळहाताला जाणवली, तर चाकाच्या पोटांत माती किंवा गंज शिरला आहे असें समजावें. मग चाक थांबवून टायर दोन बोटांत धरावें व डावीकडून उजवीकडे हलवून पाहावें. तें कटकट करीत हललें, तर आंतले कोन सैल झाले आहेत. घरघरही नाहीं आणि कटकटही नाहीं, तर आपली सायकल सुखी आहे. आपण पुढील भाषण केवळ करमणूक म्हणून ऐकावें.

आतां या पोटांत असतें काय, तें पाहूं. बैलगाडीचें लांकडी चाक ज्यांनीं जवळून पाहिलें असेल त्यांना त्याचा मधला जाड भाग, म्हणजे तुंबा, ठाऊक असेल. हा तुंबा आंसाभोंवतीं सरळ घासत फिरतो. माझ्या लहानपणीं सातारा भागांतल्या आमच्या खेड्यांत गाडीला बांबूचें एक नळकांडें टांगलेलें असे व त्यांत एरंडेलांत भिजविलेल्या चिंध्या असत. गाडी कुरकुरूं लागली कीं गाडीवान खालीं उतरून ती चिंधी आंसाला चोपडी. वंगण हा शब्द मीं प्रथम तेथें ऐकला.

सायकलींत हें घासणेंच टाळलेलें आहे. टेबलावर एक जाड पुस्तक ठेवून ढकलून पाहा. मग त्याच्याखालीं चार गोल पेन्सिली आडव्या ठेवून पुन्हां ढकला. दुसऱ्या वेळीं बोटाचा नुसता स्पर्श पुरतो. पेन्सिलीच्या जागीं पोलादाच्या गोळ्या, म्हणजे आपले छर्रे, योजले कीं सायकलचा हब तयार झाला. सायकलचा तुंबा तो हब. पोकळ नळीसारखा, आणि त्याच्या दोन्ही टोंकांस आंतून एकेक पोलादी वाटी बसविलेली. मधून आंस गेलेला असतो. तो मात्र फिरत नाहीं. तो दोन नटांनीं सायकलच्या सांगाड्याला घट्ट आवळलेला असतो. त्या आंसावर आटे पाडलेले असून दोन्ही बाजूंनीं एकेक कोन, म्हणजे निमुळत्या तोंडाची चाकी, फिरवून बसविलेली असते. वाटी व कोन यांच्यामध्यें छर्रे. वाटी चाकाबरोबर फिरते, कोन जागच्या जागीं राहतो, आणि मधले छर्रे लोळत जातात. आपल्याकडील नेहमींच्या काळ्या सायकलीच्या मागल्या हबांत एकेका बाजूस पाव इंची नऊ, असे अठरा छर्रे असतात. पुढल्या हबांत ते लहान, तीन सोळांश इंची, आणि बाजूस दहा दहा असतात. हा आंकडा लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

ही युक्ति एका दिवसांत सुचलेली नाहीं. गाडीच्या आंसाला गोळ्या बसविण्याचा हक्क वेल्समधील फिलिप व्हॉन यानें १७९४ सालींच नोंदविला होता. सायकलीसाठीं ती कल्पना फ्रान्समध्यें ज्यूल स्युरिरे यानें १८६९ सालीं पुढें आणली. परंतु सगळ्या गोळ्या अगदीं एका मापाच्या झाल्यावांचून तिचा खरा उपयोग होत नव्हता. तें काम जर्मनींतील श्वाइनफुर्ट गांवीं फ्रीड्रिख फिशर यानें १८८३ सालीं गोळ्या घासण्याचें यंत्र काढून साधलें. एका मापाच्या गोळ्या, हें मी मुद्दाम सांगतों आहें. त्याचाही संबंध पुढें येईल.

आणि सायकलची दुरुस्ती हा क्षुल्लक धंदा आहे असें ज्यांना वाटतें त्यांनीं आपल्याच मुलखाकडे पाहावें. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालीं बेळगांवांतल्या सायकलींच्या एका लहानशा दुकानानें झाला. लक्ष्मणराव त्या काळांत मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते आणि बेळगांवास दुकानाचा भार त्यांचे बंधु रामुअण्णा वाहात. पुढें लोखंडी नांगर आला, आणि १९१० सालीं औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती आज सांगली जिल्ह्यांत आहे. मोठ्या कारखान्याच्या मुळाशीं एक शिक्षक आणि कांहीं सायकली होत्या, या गोष्टीचा मला, एका साध्या मॅट्रिक झालेल्या मास्तराला, थोडासा अभिमान वाटतो. तो आपण माफ करावा.

असो. मी हें काम शिकलों तें मात्र अभिमानानें नव्हे.

२०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यांत सांगलीला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची खूण ४५ फुटांवर आहे. त्या वर्षीं कृष्णा ५७ फुटांच्याही वर गेली. आमच्या गल्लींत पांच सहा दिवस पाणी होतें. तें ओसरल्यावर घराघरांतून ज्या वस्तु बाहेर आल्या त्यांत सायकली पुष्कळ होत्या. भांडीं घासतां येतात, गाद्या फेंकून देतां येतात. सायकल मात्र नळाखालीं धुतली कीं पूर्वीसारखी दिसूं लागते, आणि येथेंच माणूस फसतो. माझ्या शेजारच्या आठवींतल्या मुलीनें आपली सायकल धुऊन पुसून मजजवळ आणली. "गुरुजी, आतां शाळेला न्यायला हरकत नाहीं ना?" असें तिनें विचारलें. मीं चाक फिरवून पाहिलें. तें फिरलें. मीं हबाच्या दोन्ही बाजूंस बाहेरून तेलाचे चार थेंब सोडले आणि म्हणालों, "ने खुशाल."

दोन महिन्यांनीं, सांजेच्या वेळीं शाळेंतून येतांना तिचें मागलें चाक चालत्या सायकलींत एकदम अडकलें. ती रस्त्यावर पडली व तिचें डावें मनगट मोडलें. मागून येणारी उसाची बैलगाडी होती म्हणून बरें. ट्रक असता तर काय झालें असतें याचा विचार मी अजून करूं शकत नाहीं. तिच्या वडिलांनीं मला एका शब्दानें दोष दिला नाहीं. त्यांनीं ती सायकल माझ्या ओट्यावर आणून ठेवली, एवढेंच.

मीं तो हब उघडला. डाव्या बाजूचे छर्रे गंजलेले, पण शाबूत होते. उजव्या बाजूच्या नवांपैकीं पांच सांपडले. बाकीच्यांचे तुकडे आणि तांबडा चिखल. ग्रीस म्हणून जें काय तेथें होतें तें ताकासारखें पांढुरकें झालें होतें, म्हणजे त्यांत पाणी मिसळलें होतें. पुराचें पाणी नुसतें पाणी नसतें. त्यांत गाळ असतो. कोन आणि वाटी यांच्या फटींतून तो आंत शिरतो, पाणी निघून गेलें तरी गाळ राहतो, आणि ओलें पोलाद आंतल्या आंत गंजत जातें. मीं बाहेरून सोडलेल्या तेलानें एकच गोष्ट केली. फटीच्या तोंडाशीं अडकलेला गाळ आणखी आंत नेला.

चाक अडकलें कसें, हेंही त्या दिवशीं कळलें. सायकल पुढें जात असतां उजव्या बाजूनें पाहिल्यास चाक घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरतें, आणि आंसावरचा कोनही त्याच दिशेनें फिरवला असतां आंत आवळला जातो. उजव्या कोनामागचा नट सैल असेल आणि तुटक्या छर्ऱ्यांनीं त्या कोनाला धरलें, तर चाक स्वतःच कोनाला फिरवून स्वतःला आवळून घेतें. डाव्या बाजूस हें उलट होतें. तेथला कोन ढिला पडतो व चाक डुगडुगूं लागतें. डुगडुगणें माणसाला वेळेवर कळतें. आवळणें कळत नाहीं.

त्या हिंवाळ्यांत मीं आमच्या गल्लींतल्या अकरा सायकलींचे मागले हब ओट्यावर बसून उघडले. पहिल्याला सगळा दिवस लागला, शेवटच्याला दीड तास. त्यांवरून जें हातीं आलें तें आतां क्रमानें सांगतों.

सामान फारसें नाहीं. आंसाच्या नटांना बसेल असा एक पाना, आणि कोनासाठीं एक पातळ पाना. हा पातळ पाना अवश्य हवा, कारण कोनावर पाना धरण्यासाठीं दोन सपाट खांचा असतात त्या अरुंद असतात. जाड पाना तेथें शिरत नाहीं आणि पकडीनें धरलें तर कोनाचा चेहरा बिघडतो. एक जुना दांतांचा ब्रश, जुन्या धोतराचे फडके, वाटीभर रॉकेल. हल्लीं रॉकेल पूर्वीसारखें घरोघर नसतें, डिझेल चालतें. पेट्रोल मात्र घेऊं नये, तें फार लवकर भडकतें. रॉकेल असो वा डिझेल, काम अंगणांत किंवा ओट्यावर करावें. स्वयंपाकघराजवळ, देवघरांतल्या समईजवळ किंवा विडी ओढीत करूं नये. सुटे भाग ठेवण्यास एक कांठ असलेली परात. मीं घरांतली परात उचलली तेव्हां आंतून आवाज आला, "अहो, मग मी कणीक कशांत मळूं?" ती परात त्या दिवसापासून सायकलीची झाली आणि मला नवी आणून द्यावी लागली. श्रोत्यांनीं जुनें ताट घ्यावें.

नवे छर्रे आधींच आणून ठेवावे. अठरा पाव इंची छर्रे आणि दोन चार वरचे. यांत काटकसर करूं नये. जुन्यांतले चांगले दिसणारे बारा आणि नवे सहा, असें मिसळणें तर सर्वांत वाईट. झिजलेल्या जुन्या छर्ऱ्यापेक्षां नवा केसभर मोठा असतो. मग सगळें ओझें त्या सहांवर पडतें व तेच प्रथम फुटतात. फिशरसाहेबांनीं यंत्र काढलें तें याचसाठीं.

प्रथम सायकल उलटी करून बैठक व हँडल यांवर उभी करावी, खालीं पोतें घालावें. आपल्या सायकलींत मागल्या आंसावर नुसतें चाकच नसतें. स्टँडचे पाय, कॅरिअरचे दांडे, मडगार्डच्या तारा, चेन ताणण्याची पट्टी, सगळा संसार त्या एका आंसावर टांगलेला असतो. कोणता वायसर कशाच्या आंत होता आणि कशाच्या बाहेर, हें संध्याकाळपर्यंत कोणाच्याही ध्यानांत राहात नाहीं. म्हणून डाव्या बाजूच्या वस्तु जशा निघतील तशा एका तारेंत ओंवाव्या आणि उजव्या बाजूच्या दुसऱ्या तारेंत. बसवतांना तार उलटी वाचावी. पूर्ण झांकणाचें चेनकव्हर असेल तर त्याचा मागचा तुकडा आधीं काढावा लागतो. मग चेन दांत्यांवरून उतरवून चाक खांचेंतून बाहेर ओढावें.

चाक परातीवर आडवें धरा. फ्रीव्हील खालीं, डावी बाजू वर. डाव्या कोनाला पातळ पान्यानें धरून त्याच्यावरचा नट सोडवा, वायसर काढा, कोन फिरवून काढा. एवढेंच. उजव्या कोनाला हात लावूं नका, तो आंसावर होता तेथेंच राहूं द्या. दोन्हीकडचे कोन काढले कीं आंस कोणत्या बाजूस किती बाहेर होता याचें माप हरवतें आणि चाक पुन्हां सांगाड्याच्या मधोमध बसेना होतें. पहिल्या सायकलीला माझा दिवस गेला तो यांतच. आतां आंस खालच्या बाजूनें हलकेच ओढून घ्या. तो उजव्या कोनासकट फ्रीव्हीलच्या मधल्या भोकांतून बाहेर येतो, आणि त्याच्याबरोबर छर्रे टपटप परातींत पडतात. ग्रीस घट्ट झालें असेल तर कांहीं वाटींतच चिकटून राहतात. ते काडीनें काढावे. मग मोजा. अठरा भरले पाहिजेत. सोळा किंवा सतरा भरले तर कोठें तरी एखादा दडला आहे, किंवा मागल्या खेपेस कोणीं तरी कमी घातले होते. हें दुसरें कारण मला अकरांत तीनदां आढळलें.

आतां सर्व भाग रॉकेलांत धुऊन फडक्यानें कोरडे करा. हबाच्या आंतल्या नळींतही फडके घालून ओढा. गाळ तेथें फार बसतो. आणि मग कोन उजेडांत धरून पाहा, कारण सगळी कथा कोनावर लिहिलेली असते. छर्रे जेथून लोळतात तेथें एक चकचकीत पट्टा दिसेल. तो एकसारखा गुळगुळीत असेल तर कोन चांगला. त्याच्यावर देवीच्या वणांसारखे खड्डे असतील, बोटाच्या नखाला अडत असतील, तर तो कोन बदलावा. वाटीपेक्षां कोन आधीं कां झिजतो हा प्रश्न मला एका मुलानें विचारला होता. प्रश्न चांगला आहे. वाटी चाकाबरोबर फिरते, म्हणून तिच्या सगळ्या कडेवर ओझें पाळीपाळीनें पडतें. कोन जागचा हालत नाहीं. बसणाराचें वजन वर्षानुवर्षें त्याच्या एकाच बाजूवर पडतें. अठ्ठावीस इंची चाक एका किलोमीटरांत सुमारें साडेचारशें वेळां फिरतें. साताऱ्याहून कऱ्हाड सुमारें पन्नास किलोमीटर धरलें, तर एका फेरींत वीस बावीस हजार फेरे, आणि प्रत्येक फेऱ्यांत छर्रे त्याच टिचभर जागेवरून लोळत जाणार. खड्डे पडले तर नवल नाहीं. वाटीला खड्डे पडले असतील तर मात्र दुकानदाराकडे जावें. त्या ठोकून काढाव्या व बसवाव्या लागतात, आणि तें घरचें काम नव्हे.

याच वेळीं आंस सपाट कांचेवर किंवा फरशीवर लोळवून पाहावा. तो उडत उडत लोळला तर वांकला आहे. धान्याचीं पोतीं वाहणाऱ्या सायकलींचे आंस हटकून वांकलेले असतात. वांकलेला आंस ठोकून सरळ करूं नये, नवा घालावा. आणि उजव्या कोनामागचा नट घट्ट आहे कीं नाहीं तें दोन पान्यांनीं पाहावें. त्या मुलीच्या सायकलींत तो बोटानें फिरत होता.

आतां वंगण. दुकानांत मागतांना ग्रीस म्हणावें; लिथियम साबणाचें ग्रीस आज सर्वत्र मिळतें आणि तें उत्तम. साबण म्हटल्यानें कोणी दचकूं नये. ग्रीस म्हणजे तेलच. तें विशिष्ट प्रकारच्या साबणाच्या जाळ्यांत, स्पंजांत पाणी धरावें तसें धरून ठेवलेलें असतें. छर्रा लोळतांना दाब पडला कीं थोडें तेल बाहेर येतें. नुसतें तेल वाहून जातें, ग्रीस जागेवर राहतें आणि फटींतून येणाऱ्या धुळीलाही थोडें अडवतें. गोडें तेल किंवा करडईचें तेल हबांत घालूं नये; हवा लागून तें कालांतरानें डिंकासारखें होतें. खोबरेल तेलाचीही तीच योग्यता. साताऱ्याच्या थंडींत तें थिजतें, हें घरांतल्या बाटलीवरून सर्वांना ठाऊक आहे. एक अपवाद सांगतों. आजोबांच्या काळची एखादी जुनी विलायती सायकल घरांत असेल, तर तिच्या हबाच्या मध्यावर एक भोंक व त्यावर फिरणारी पोलादी कडी दिसेल. त्या हबाची योजनाच तेलासाठीं केलेली आहे. त्याला उघडून साफ केल्यावर ग्रीस बेतानें लावावें आणि महिन्यामहिन्यानें त्या भोंकांतून यंत्राच्या तेलाचे दोन चार थेंब सोडावे.

दोन्ही वाट्यांत बोटानें ग्रीसचा जाड थर द्या. त्यांत नऊ नऊ छर्रे एकाशेजारीं एक बसवा. ग्रीस त्यांना धरून ठेवतें, म्हणून चाक उलटें केलें तरी ते पडत नाहींत. थोडी फट उरते, ती असूं द्या. जागा आहे म्हणून दहावा कोंबूं नका, छर्रे एकमेकांवर घासतील. वरून पुन्हां थोडें ग्रीस. मग आंस उजव्या बाजूनें, छर्ऱ्यांना धक्का न लावतां, सरळ आंत घाला, डावा कोन बोटानेंच फिरवीत छर्ऱ्यांना टेंकेपर्यंत आणा.

येथें सर्व कौशल्य आहे. कोन टेंकला कीं त्याला सुमारें पाव फेरा मागें घ्यावा, वायसर घालावा, आणि कोनाला पातळ पान्यानें जागीं धरून वरचा नट आवळावा. नट आवळतांना कोन थोडासा आंत सरकतोच, म्हणून आधीं मागें घ्यावयाचा. मग आंसाचीं दोन टोंकें दोन हातांच्या बोटांत धरून चाक उभें फिरवा. घरघर लागली तर कोन घट्ट. टायर डुगडुगलें तर सैल. पुन्हां सोडवा, किंचित् फिरवा, पुन्हां आवळा. पहिल्या खेपेस हें सात आठ वेळां करावें लागेल. कंटाळूं नये, मला शेवटच्या सायकलीलाही तीनदां करावें लागलें. चाक सायकलींत बसवून नट आवळल्यावर शेवटची परीक्षा अशी. चाक अगदीं हळू फिरवून सोडावें. हवा भरण्याच्या नळीचें वजन तें काय, पण त्या वजनानें नळी खालच्या बाजूस यावी, जराशी पुढें जावी, परत यावी, झोंपाळ्यासारखे दोन चार हेलकावे घेऊन चाक थांबावें. तें जेथें सोडलें तेथेंच उभें राहिलें, तर पाना पुन्हां हातीं घ्यावा.

फ्रीव्हीलविषयीं थोडें निराळें सांगितलें पाहिजे. पायडल थांबवूनही सायकल पुढें जाते ती त्याच्यामुळें. त्याच्या आंत लहान पोलादी जिभा असतात, त्यांनाच आपले दुकानदार कुत्रे म्हणतात. केसासारखी बारीक स्प्रिंग त्यांना उचलून दांत्यांत अडकवते. तेथें ग्रीस घालूं नये, कितीही उरलें असलें तरी. घट्ट ग्रीसांत कुत्रे चिकटून बसतात, स्प्रिंगला ते उचलत नाहींत, आणि चढावर आपण उभे राहून जोर लावला कीं पायडल रिकामें खालीं जातें. यवतेश्वरच्या घाटांत हा अनुभव मीं स्वतः तरुणपणीं घेतला आहे. ग्रीसही मींच घातलें होतें. फ्रीव्हील घरीं उघडूं नये. चाक आडवें ठेवून त्याच्या फटींत थोडें रॉकेल सोडावें, फिरवावें, मळ निघाला कीं कोरडें होऊं द्यावें आणि शिवणाच्या यंत्राच्या तेलाचे चार थेंब सोडावे. टिकटिक स्पष्ट ऐकूं आली कीं झालें. हें काम हब उघडण्यापूर्वीं करावें, नंतर नव्हे. नाहींतर तें रॉकेल झिरपून नव्या ग्रीसांत जातें.

पुष्कळ गिअरांच्या नव्या सायकलींतही बहुधा हीच रचना असते. त्यांत चाक काढण्यास पाना न लागतां एक खटका असेल, तर कोन अगदीं किंचित् सैल ठेवावा. खटका दाबला कीं आंस थोडा आवळला जातो आणि तो सैलपणा नाहींसा होतो. कांहीं महाग सायकलींत कोन व सुटे छर्रे नसतात, बंद डबीसारखें बेअरिंग असतें. तें खराब झालें कीं बदलावयाचें, उघडावयाचें नाहीं. आणि विजेवर चालणाऱ्या सायकलीचा मोटर असलेला हब असेल तर या भाषणाचा एकही शब्द त्याला लागू नाहीं.

किती दिवसांनीं करावें, असें मला हटकून विचारतात. कोरड्या दिवसांत वापर बेताचा असेल तर वर्षांतून एकदां पुरे, आणि तो दिवस मीं खंडेनवमीच्या आदल्या आठवड्यांतला ठरविला आहे. पाऊस सरत आलेला असतो, साताऱ्याकडची झिमझिम आणि सांगलीकडचा काळा चिखल दोन्ही चाकांत जाऊन बसलेलीं असतात. आपण खंडेनवमीला सायकलीवर बादलीभर पाणी ओततों, गंध लावतों आणि झेंडूचा हार घालतों. गंध आणि हार अवश्य असावा. पाणी मात्र हबावर ओतूं नये, ओल्या फडक्यानें पुसावें. गाड्या धुण्याच्या दुकानांतला जोराचा फवारा तर सायकलीला कधींच लावूं नये. आणि पुराच्या किंवा ओढ्याच्या पाण्यांत आंसापर्यंत बुडालेली सायकल असेल तर खंडेनवमीची वाट पाहूं नये. ती त्याच आठवड्यांत उघडावी, फिरत असली तरी.

काम झाल्यावर वाटींतलें काळें रॉकेल मोरींत किंवा झाडाच्या आळ्यांत ओतूं नका. तें एका बाटलींत भरून, वर चिठ्ठी चिकटवून, मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा जागीं ठेवा. आठवडाभरांत गाळ तळाशीं बसतो आणि वरचें निवळ रॉकेल पुढल्या सायकलीची चेन धुण्यास उपयोगी पडतें. माझ्याजवळची सध्यांची बाटली त्या शेजारच्या मुलीनें भरून ठेवलेली आहे. ती आतां महाविद्यालयांत जाते आणि आपला हब आपणच उघडते.